चार घास भाजीचे, अर्धा तास चालण्याचा

फळे-भाज्या भरपूर खाव्यात आणि रोज थोडा तरी व्यायाम करावा, हे ज्याच्या कानावर कधी पडलेले नाही असा माणूस आज महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. शाळेच्या पुस्तकात ते छापलेले असते, दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेले असते, लग्नाच्या पंगतीतही कोणी ना कोणी ते बोलून दाखवतेच. तरीही दुपारचा डबा उघडला की बटाट्याची सुकी भाजी निघते, तीही पोळीला पुरेल एवढीच. संध्याकाळच्या चहाबरोबर फळाऐवजी फरसाण येते. चालायला जाणे मुलांच्या परीक्षा संपल्या की, पाऊस थांबला की, दिवाळी झाली की, असे पुढे पुढे जात राहते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांच्याच हातून का राहून जाते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की लोकांना अजून पटलेले नाही, म्हणून आणखी सांगायला हवे. मला ते मान्य नाही. लोकांना केव्हाच पटले आहे. घोडे अडते ते घरात. भाजी कोण आणणार, कोण निवडणार, कधी शिजणार, कोणाच्या पानात किती पडणार, आणि चालायला जाण्यासाठी अर्ध्या तासाची मोकळीक घरात कोणाला मिळणार, हे कोणी ठरवलेलेच नसते. जे ठरलेले नाही ते रोज होत नाही. ज्या ज्या ठिकाणी ही सवय टिकली, तिथे ती रोजच्या व्यवस्थेत बसवली गेली म्हणून टिकली. या पुस्तकाची मांडणी याच एका विधानावर उभी आहे, म्हणून त्याचा आधार इथे सविस्तर देत आहे.

आधी मोजमाप. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते, आणि त्यात बटाटा, रताळे यांसारखे पिठूळ कंद धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात या संस्थेने ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे मांडली आहेत. व्यायामाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन असे, की प्रौढाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी. १५० मिनिटांचे पाच भाग केले की आठवड्यातल्या पाच दिवसांची तीस-तीस मिनिटे होतात. म्हणजे मागणे अर्धा किलो भाजी-फळाचे आणि अर्ध्या तासाचे आहे.

आता वस्तुस्थिती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२२ मधल्या परिस्थितीचा जो जागतिक अंदाज पुढे प्रसिद्ध झाला, त्यात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असे दिसले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. एकाच घरात सासऱ्यांना साखरेची गोळी आणि सुनेला लोहाची गोळी चालू असते. दोघांच्या ताटात भाजीची वाटी मात्र सारखीच लहान असते.

माहिती असणे आणि ती अंगवळणी पडणे यांत किती अंतर असते, हे अठराव्या शतकातल्या एका जहाजावरून कळते. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. हिरड्यांतून रक्त येत होते, अंगावर डाग पडले होते, उभे राहायची शक्ती नव्हती. त्याने दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. तीच जोडी सगळ्यांत लवकर सुधारली. लिंडने १७५३ मध्ये यावर ग्रंथही लिहिला. तरी आरमाराने खलाशांना सरसकट लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडले. मधल्या काळात माहिती होती, ग्रंथ होता, आणि खलाशी मरतच होते. रस रोजच्या शिध्यात आला तेव्हा कुठे स्कर्व्ही हटली. प्रत्येक खलाशाला लिंबाचे महत्त्व पटवून देत कोणी बसले नव्हते. रस वाटला गेला आणि तो प्यायला गेला.

व्यायामाचा असाच धडा लंडनच्या बसमधून मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार झपाट्याने वाढत होता आणि कारण उलगडत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या आजारांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. दोघांचे वर्ग तेच, वस्त्या त्याच, पगारही फार वेगळे नाहीत. ड्रायव्हर दिवसभर बसून असत. कंडक्टर तिकिटे देत वरखाली जिने चढत-उतरत. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये अधिक होता आणि कंडक्टरांमध्ये कमी. टपाल खात्यातही चालत किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुस्थितीत आढळले. मॉरिस इतके काटेकोर, की ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील का या शंकेपायी त्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरांच्या कमरेचे माप खरोखरच मोठे निघाले, म्हणून तो मुद्दाही त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. पुढच्या सत्तर वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांनी हालचालीचा लाभ पक्का केला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की कंडक्टरांपैकी कोणीही 'व्यायाम करतो' असे म्हटले नसते. जिना त्यांच्या कामातच होता.

महाराष्ट्राने या विषयात स्वतःची भर घातली आहे, आणि मराठी वाचकांना ती पुरेशी माहीत नाही याची मला खंत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आहार, त्यांचे श्रम आणि बाळांची वाढ यांचा अभ्यास सुरू केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले, की आईने एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली यावरून बाळाच्या आकारात फारसा फरक पडत नव्हता. पण ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अंगाने मोठी होती. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे या सहा गावांनी दाखवले.

याच गटाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. आपली बाळे वजनाला कमी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि मेद तुलनेने जास्त असतो. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला देऊन हे समजावले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय माणूस आतून सडपातळ असेलच असे नाही. 'मी काही जाड नाही, मला व्यायामाची काय गरज' असे म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने या दोन टक्केवाऱ्या लक्षात ठेवाव्यात. स्नायू हे साखर वापरणारे मोठे कोठार. आपल्याकडे ते जन्मतःच लहान, म्हणून ते वापरात ठेवण्याची निकड आपल्याला इतरांहून जास्त.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतही एक मोठा प्रयोग झाला. पालेभाज्या, फळे आणि दूध वापरून ताजे खाद्यपदार्थ बनवायचे आणि आई होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाला ते वस्तीतल्याच केंद्रावर रोज द्यायचे. दुसऱ्या गटाला त्याच धर्तीचे पदार्थ, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचे. २०१४ मध्ये पहिले निकाल आले. एकूण पाहता दोन्ही गटांतल्या बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. ज्या स्त्रियांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांच्या वजनात थोडी वाढ दिसली. गरोदरपणातल्या मधुमेहाचा फरक मात्र डोळ्यांत भरणारा होता: बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के, पालेभाज्या-फळांच्या गटात ७.३ टक्के. इथेही 'पालेभाजी खा' असे सांगून कोणी थांबले नाही. ती शिजवून, रोज, हाताशी दिली गेली.

व्यायामाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण औंधचे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः नेमाने घातले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना ते रोज घालायला लावले. त्यासाठी लागते ती सतरंजीएवढी जागा. साधन लागत नाही, पैसा लागत नाही. पण ती पद्धत महाराष्ट्रभर रुजली याचे श्रेय त्या पद्धतीच्या सोपेपणाइतकेच शाळेच्या वेळापत्रकालाही आहे. घंटा झाली की नमस्कार, हा नेम होता.

शिधा, जिना, वस्तीतले केंद्र, शाळेची घंटा. आता अशीच रोजची व्यवस्था घरात कशी आणायची ते पाहू, आणि त्यासाठी मेथीच्या एका जुडीपासून सुरुवात करू.

मंडईतून आणलेल्या जुडीची दोरी सोडायची, मुळांकडची माती झटकायची. पाने खुडायची, कोवळे शेंडे ठेवायचे, जून देठ काढायचे, पिवळे पान बाजूला सारायचे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवायचा आणि वरच्या वर उचलून घ्यायचा, म्हणजे रेती तळाशी राहते. असे दोन-तीन पाण्यांतून काढल्यावर चाळणीत निथळत ठेवायचा, मग चिरायचा. हे सगळे केल्यावर परातभर पाल्याची कढईत दोन-तीन वाट्या भाजी होते. संध्याकाळी सातला कामावरून घरी आलेल्या बाईने हे एकटीने करावे आणि आठ वाजता पाने घ्यावीत, अशी आपली अपेक्षा असेल तर त्या घरात मेथी महिन्यातून एकदाच होणार. बाकीच्या दिवशी बटाटा येणार, कारण तो सोलला की झाला. या बाईच्या आळसाचा किंवा अज्ञानाचा यात काहीही संबंध नाही. काम एकीचे आणि खाणारे पाच, ही वाटणीच चुकीची आहे.

म्हणून या पुस्तकातला पहिला आग्रह पाककृतीचा नाही, वाटणीचा आहे. आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून भाजी निवडावी. पुरुषांनी निवडावी, मुलांनी निवडावी. वाटाणे सोलणे, गवारीच्या शिरा काढणे, शेवग्याची पाने ओरबाडणे ही कामे सात-आठ वर्षांच्या मुलालाही येतात, आणि मुलाने स्वतः निवडलेली भाजी त्याच्या पानात सहसा उरत नाही. निवडलेला पाला न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर दोन-तीन दिवस चांगला राहतो. एवढी एक व्यवस्था झाली की आठवड्यातून तीन-चार पालेभाज्या होणे मुळीच अवघड नाही.

दुसरा आग्रह वाटीचा. मराठी पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या, ही रचना फार शहाणपणाची आहे. तिचे आकार मात्र बिघडले. कोशिंबीर चमचाभर उरली आणि भाताचा डोंगर झाला. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबी यांची कोशिंबीर वाटीभर घेतली, दुपारी एक वाटी फळभाजी, रात्री एक वाटी पालेभाजी आणि दिवसातून एक पेरू, केळे किंवा संत्रे असे धरले, तर ४०० ग्रॅमचा पल्ला सहज गाठता येतो. आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा पालक घालावा, पोह्यांत वाटाणा-गाजर, थालीपिठात दुधी किंवा कोथिंबीर, झुणक्यात कांद्याची पात. मुळ्याचा, बिटाचा आणि फ्लॉवरचा कोवळा पाला आपण टाकून देतो. त्याची परतून उत्तम भाजी होते. भाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाला लागून चहा घेतला की तेच लोह वाया जाते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीने चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा, हा सल्ला फुकटचा आहे आणि मोलाचा आहे.

आपल्या सणवारांनीही ही व्यवस्था लावून दिली होती. भोगीला वांगी, गाजर, घेवडा, हरभरा, बोरे, तीळ अशी लेकुरवाळी भाजी आणि बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीला परसातल्या भाज्या आणि कंद एकत्र शिजवलेली भाजी. पावसाळा सुरू झाला की कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळे, करटोली बाजारात येतात. कातकरी आणि इतर आदिवासी बाया त्या डोंगरातून खुडून पहाटेच्या गाडीने शहरात आणतात. घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी या देशावरच्या शेतात आपोआप उगवणाऱ्या भाज्यांना आज तण म्हणून फवारून मारले जाते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. त्या कौतुकाला खरा अर्थ तेव्हा येईल, जेव्हा आपल्या परसात, गच्चीत किंवा शाळेच्या कुंपणाला एक वालाचा वेल आणि एक शेवगा उभा राहील.

फळांच्या बाबतीत तर महाराष्ट्राला काहीच कमी नाही. नाशिकची द्राक्षे, नागपूरची संत्री, जळगावची केळी, सांगोल्याचे डाळिंब, घोलवडचा चिकू, सासवडकडची सीताफळे आणि अंजिरे. ही फळे देशोदेशी जातात. आपल्या घरी मात्र फळ आले की 'कोणी आजारी आहे का' असे विचारले जाते. परदेशी महागडी फळे आणली तरच पोषण मिळते हा समज काढून टाकायला हवा. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या जवळपास चौपट. आवळा, जांभूळ, बोर, करवंद यांच्या मोसमात दुसऱ्या कशाची आठवणही यायला नको. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा यांनी ताट भरण्याऐवजी फळे, राजगिरा आणि काकडी घेतली, तर तो दिवस शरीराला खरा विसावा देईल.

पैशाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि टाळूही नये. अनेक देशांच्या एका अभ्यासात असे दिसले, की गरीब देशांत माणशी दोन वाढणी फळे आणि तीन वाढणी भाज्या घ्यायच्या तर घराच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खर्ची पडतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला 'रोज चाला' सांगणे अन्यायाचे आहे; त्यांचे शरीर दिवसभर राबतेच. त्यांना हवी आहे ती भाकरी-ठेच्याच्या जोडीला भाजी, मुलांच्या शाळेतल्या जेवणात खरीखुरी पालेभाजी आणि अंगणवाडीच्या आवारात परसबाग. आहाराचा सल्ला देणाऱ्याने समोरच्याची चूल पाहूनच सल्ला द्यावा, हे पथ्य या पुस्तकात पाळण्याचा प्रयत्न आहे.

आता व्यायाम. इथे 'थोडा' या शब्दाला फार किंमत आहे. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला. तो कोणत्या प्रयोगातून निघालेला नव्हता. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या २०१९ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७५०० च्या आसपास लाभ वाढायचा थांबला. म्हणजे सर्वांत मोठा फायदा अगदी कमी चालणारा थोडा अधिक चालू लागतो तेव्हा होतो. सलग दहा मिनिटे चालले तरच ते धरायचे, ही जुनी अटही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली.

वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. जेवणानंतरची शतपावली दहा-पंधरा मिनिटांवर नेली तर जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहते, कारण हलणारे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. चेन्नईमधल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी आहार सुधारला आणि रोज अर्धा तास झपझप चालायला सुरुवात केली. तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लोक आपल्यासारखेच भात-पोळी खाणारे, नोकरी-संसार करणारे होते.

चालण्याबरोबर ताकदही लागते. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे ही साधी क्रिया पन्नाशीनंतर कित्येकांना जमेनाशी होते, कारण जेवण टेबलावर, झोप पलंगावर आणि बैठक सोफ्यावर गेली. रोज काही बैठका, भिंतीला टेकून काही जोर, पाच-सात सूर्यनमस्कार एवढ्याने मांड्या, पाठ आणि खांदे कामात राहतात. म्हातारपणी पडणे, हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणे यांतून वाचवणारी शक्ती तीच.

घरातल्या स्त्रियांविषयी स्पष्ट बोलायला हवे. 'घरकाम हाच तिचा व्यायाम' असे म्हणून तिचा अर्धा तास घराने परस्पर खर्च केलेला असतो. घरकामात हालचाल होते, यात शंका नाही. पण दम वाढवणारे चालणे आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम त्यातून क्वचितच होतो, आणि स्वतःसाठी राखलेला वेळ तर होतच नाही. तसेच सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेल्या भाजीत तिने भागवायचे, ही रीत ज्या घरात आहे तिथे रक्तक्षय औषधाने पुरता जाणार नाही. तिचे पान सगळ्यांबरोबर मांडले जावे आणि संध्याकाळचा अर्धा तास तिचा असावा, हे कुटुंबाने ठरवून टाकावे.

काही सावधगिरीच्या गोष्टी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमयुक्त फळे-भाज्या मर्यादित ठेवाव्या लागतात. रक्त पातळ करणारी काही औषधे चालू असतील तर पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा कमी करू नये. दोघांनीही आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेही माणसाने बेताने अख्खे फळ खावे. रस काढून पिऊ नये, कारण रसात चोथा जातो आणि साखर राहते. चालताना छातीत दुखले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून लगेच दवाखाना गाठावा. शाकाहारी वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे, की भाजीत ब-१२ हे जीवनसत्त्व नसते. त्यासाठी दूध-दही नेमाने घ्यावे आणि गरज पडल्यास तपासणी करावी. एखाद्या भाजीचा रस कर्करोग बरा करतो किंवा एखादे आसन मधुमेह पळवते, असे दावे या पुस्तकात सापडणार नाहीत. भाजी आणि चालणे आजाराची शक्यता कमी करतात, चालू औषधाला साथ देतात. ते औषधाच्या जागी बसत नाहीत.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात महिन्यावार भाज्या आणि फळे आहेत: कोणत्या मोसमात काय स्वस्त आणि ताजे मिळते, ते कसे निवडावे, कसे टिकवावे. दुसऱ्या भागात कमी तेलाच्या, कमी वेळाच्या घरगुती कृती आहेत, त्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, देश आणि कोकण इथल्या रोजच्या जेवणातल्या भाज्यांना जागा दिली आहे. तिसऱ्या भागात बैठे काम करणारे, गृहिणी, शाळकरी मुले आणि साठीपुढचे लोक यांच्यासाठी व्यायामाचे सोपे क्रम आहेत. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवे असे नाही. ज्या महिन्यात ते हातात येईल त्या महिन्याचे पान आधी उघडावे.

वाचकांना एकच विनंती आहे. हे पुस्तक एकट्याने वाचून मिटून ठेवू नका. आज रात्री जेवणाच्या वेळी घरातल्या सगळ्यांसमोर दोन गोष्टी ठरवा: उद्याची भाजी कोण निवडणार, आणि उद्या चालायला कोण कोणाबरोबर, किती वाजता निघणार. ठरलेले कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. एवढे केलेत तर या पुस्तकाचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे उद्या संध्याकाळी तुम्हीच कराल.